तीन डाएट, एक पोट

या महिन्यात सोलापूरहून आलेल्या प्रश्नांत एक गोष्ट सारखी सारखी आली, म्हणून यावेळचं सदर जवळजवळ त्याच एका विषयावर आहे. एकाच वेळी दोन-तीन वेट लॉस प्रोग्राम चालू ठेवायचे आणि एकाचं दुसऱ्याला कळू द्यायचं नाही. पत्रं थोडी छोटी केलीत, नावं कुणाचीच दिलेली नाहीत.

प्रश्न : ताई नमस्कार, नाव छापू नका प्लीज. वय ४१, उंची ५ फूट २ इंच, थायरॉईडची गोळी ५ वर्षांपासून चालू आहे. दसऱ्याला वजन ८४ होतं, आता ७३ झालंय, १० आठवड्यांत ११ किलो, सगळेजण विचारायलेत कशानं केलंस म्हणून. आमच्या विजापूर रोडच्या बाजूला एका मॅडमच्या हॉलमध्ये शेकचा क्लब चालतो, तिथं मी रोज सकाळी जाते. पण खरं सांगायचं तर त्याच्या आधीच मी मोबाईलवरच्या एका ॲपचा पैसे भरून प्लॅन घेतला होता, त्यातली कोच मला रोज १,२०० कॅलरी खायला सांगते, आणि एका स्लिमिंग सेंटरचं मशीनच्या १२ सिटिंगचं पॅकेज पण चालू आहे. जाऊबाई दोन वेळा जेवणाचं करतात म्हणून मधेमधे मी ते पण करते. कुणालाच दुसऱ्याचं माहीत नाही. ॲपमध्ये रात्रीचं जेवण खोटं टाकते कारण कमी दिसलं की कोच ओरडते. घरी फक्त क्लबचे पैसे माहीत आहेत, बाकीचे भिशीतून दिले. आता क्लबच्या मॅडम म्हणतात संक्रांतीच्या हळदीकुंकवाला तू माईकवर बोल, तुझा आधीचा-आताचा फोटो लावू, वाण म्हणून पावडरची पाकिटं वाटू. माझं बघून भिशीतल्या तिघींनी आधीच पैसे भरलेत. रात्री झोप लागत नाही की ओ ताई. जिना चढताना चक्कर येते, केस मुठीनं गळायलेत, गेल्या महिन्यात पाळी आली नाही. काय करू?

उत्तर : ताई, तुम्ही चक्कर, केस, पाळी हे पत्राच्या अगदी शेवटी एका ओळीत लिहिलंय, मी तिथूनच सुरू करते, कारण हळदीकुंकू महिन्याभरानं आहे आणि जिना रोज चढायचाय.

तुमच्या एका दिवसाचं जेवण तुम्ही पत्रासोबत पाठवलंय ते मी बसून मोजलं. दुपारी एक ज्वारीची भाकरी, साधारण ५० ग्रॅम पिठाची, म्हणजे १७० कॅलरी, पालेभाजी तेल धरून १२० च्या आसपास, एक वाटी ताक ४०, आणि चमचाभर शेंगाची चटणी, तिच्या ८०. झाले ४१०. सकाळ-रात्रीचे दोन शेक पाण्यातले, पावडर तुम्ही लिहिलीय तेवढी धरली तर दोन्ही मिळून २०० च्या जवळपास. म्हणजे दिवसाचे ६१०, आणि ज्या दिवशी रात्रीचा शेक पण सोडता त्या दिवशी अजून कमी. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनं स्पष्ट सांगितलंय की वजन कमी करायचं असलं तरी जेवण १,००० कॅलरीच्या खाली न्यायचं नाही आणि आठवड्याला साधारण अर्धा किलो हा सुरक्षित वेग. तुमचा वेग त्याच्या दुप्पट आहे. केस गळतात ते कालच्या खाण्यामुळे नसतात, शरीराला धक्का बसला की २-३ महिन्यांनी गळायला लागतात, म्हणजे आता जे हातात येतायत ते दसऱ्यानंतरच्या उपाशीपणाचे असायची शक्यता जास्त. पाळी चुकण्याचं कारण तेच असेल किंवा दुसरं काही असेल, ते डॉक्टरांनी बघायचं, मी इथून सांगणार नाही.

आणि एक गोष्ट तुम्हाला तिन्हीपैकी एकानंही सांगितली नसणार, कारण तिघांनाही तुमचं पूर्ण चित्र माहीत नाही. थायरॉईडची गोळी सकाळी ६ ला आणि शेक सव्वासहाला. त्या गोळीनंतर अर्धा ते एक तास पोटात पाण्याशिवाय काही जायला नको, आणि कॅल्शियम, लोह असलेल्या गोष्टी तर ४ तास लांब ठेवायच्या. तुमच्या डब्यावरची बारीक अक्षरं वाचा, अशा बहुतेक पावडरींत कॅल्शियम-लोह वरून घातलेलं असतं आणि प्रोटीन पुष्कळदा सोयाचं असतं, सोयामुळे पण गोळी नीट शोषली जात नाही. म्हणजे गेले १० आठवडे तुम्ही गोळी घेताय पण ती अंगी किती लागली देव जाणे. टीएसएच, म्हणजे थायरॉईडची रक्ततपासणी, करून घ्या, सोबत हिमोग्लोबिन, आणि रिपोर्ट घेऊन डॉक्टरांकडे जाताना डबा, ॲपचा प्लॅन, सेंटरची पावती, सगळं पिशवीत घालून न्या. डॉक्टरांना सांगायला लाज वाटली तर पिशवी टेबलावर ठेवा, तेवढं पुरे होतं.

आता तुमच्या खऱ्या प्रश्नाकडे येते. एकत्र करणं हीच चूक आहे असं मला वाटत नाही. लोक करतातच, आणि काही गोष्टी एकत्र चालतात पण. जेवण एका पद्धतीचं, ॲप फक्त वहीसारखं लिहायला, चालायला संभाजी तलावावर मैत्रिणींचा ग्रुप, यात काहीच वावगं नाही. बिघडतं कधी, तर जेवणाचे दोन-तीन प्लॅन एकावर एक चढवले की. कारण प्रत्येकाचा आतला हिशोब वेगळा असतो. शेकवाले जेवणाच्या जागी शेक देतात कारण त्यांनी उरलेलं जेवण पोटभर धरलेलं असतं. ॲपवाली १,२०० देते ती दिवसभरात वाटून. डॉ. जगन्नाथ दीक्षित सर दोनदाच जेवा आणि ५५ मिनिटांत संपवा म्हणतात, पण त्या दोन जेवणांत पोट भरायला सांगतात आणि सुरू करायच्या आधी उपाशीपोटीचं इन्शुलिन आणि एचबीए१सी, म्हणजे तीन महिन्यांची सरासरी साखर, तपासायला लावतात. आहारतज्ज्ञ ऋजुता दिवेकर त्याच्या उलट, थोडं थोडं पण वेळेवर, घरचं आणि आपल्या भागातलं खा म्हणतात. २०१८ साली या दोघांवरून घराघरात वाद झालेले आठवत असतील, मी पण आहारतज्ज्ञच, माझ्याकडे तर नवरा-बायको भांडत यायचे. मला विचारत असाल तर दोन्हीपैकी एक नीट धरून ठेवलेल्यांना फायदा झालेला मी बघितलाय. पण दोन्हीतलं, तिन्हीतलं, फक्त ‘खाऊ नका’ तेवढंच वेचून घेतलं की उरतं काय, तर उपास. तुमचे ११ किलो शेकनं गेले नाहीत, मशीननं गेले नाहीत आणि ॲपनं तर नाहीच, ते ६०० कॅलरीनं गेलेत. त्यातले पहिले काही पाण्याचे होते, शरीरात साठलेली साखर वापरली जाते तेव्हा तिच्यासोबतचं पाणी पण जातं, पहिल्या आठवड्यात काटा धाडकन खाली येतो तो त्यामुळे.

खोटं जेवण टाकलं ॲपमध्ये, मला कळतं का टाकलं ते. ओरडा नको असतो. पण बघा काय होतं, त्या कोचला स्क्रीनवर १,२०० दिसतायत आणि वजन छान उतरतंय, ती म्हणणार प्लॅन बरोबर चाललाय. क्लबच्या मॅडमना वाटतंय शेक लागू पडला. सेंटरवालीला वाटतंय सिटिंगचा रिझल्ट. तिघीजणी खोट्या आकड्यावर तुम्हाला पुढचा सल्ला देणार, आणि तो तुमच्या अंगावर येणार, त्यांच्या नाही.

माझ्याकडे एक बाई यायच्या, साखर पेठेतल्या. पहिल्या दिवशी त्यांनी खाकी कव्हर घातलेली सुंदर वही दिली, निळ्या पेननं रोजचं जेवण, एक खाडाखोड नाही. तिसऱ्या भेटीला चुकून पिशवीतून दुसरी वही बाहेर आली, दुधाच्या हिशोबाची, मागच्या पानांवर पेन्सिलनं लिहिलेलं, तेलाचे डाग पडलेले. त्यात ‘शेंगापोळी ३, रात्री ११, सगळे झोपल्यावर’ असं होतं, एका पानावर नुसतं ‘आज परत’ एवढंच. त्या वहीवर हात ठेवून बसल्या. मी म्हटलं हीच मला पाहिजे, ती निळी ठेवा घरी. त्या दुधाच्या वहीवरूनच कळलं की त्यांचा प्रश्न जेवणाचा नव्हताच, संध्याकाळी ५ ते रात्री ११ काही खायच्याच नाहीत आणि मग तुटून पडायच्या. पाच वाजता मूठभर फुटाणे आणि ताक सुरू केलं, पोळीचं आपोआप कमी झालं.

तर तुम्ही काय करायचं. एक जेवणाचा प्लॅन ठेवा, कुठला ते डॉक्टरांशी बोलून ठरवा, माझ्या मनातलं विचाराल तर ॲपवालीचा १,२०० चा, पण खरा खाऊन, आणि तिला आज मेसेज करा की मागच्या १० आठवड्यांतली रात्रीची जेवणं खरी नव्हती. एवढंच. कारणं देत बसू नका. क्लबला जायचं तर जा, तिथल्या बायकांची सोबत तुम्हाला आवडते असं पत्रात दिसतंय, पण शेक जेवणाच्या जागी नको. सेंटरला लेखी कळवा की पुढची सिटिंग नकोत, उरलेल्या पैशांचं विचारा, पावतीवर काय अटी आहेत त्या वाचा, टाळाटाळ केली तर १९१५ हा ग्राहक हेल्पलाईनचा नंबर आहे. घरी यजमानांना भिशीच्या पैशांचं सांगून टाका, आरोग्याचं सांगताना त्याच बोलण्यात सांगा, वेगळा विषय काढला की तो मोठा होतो.

राहिलं माईकचं. मॅडमना हळदीकुंकवाच्या खूप आधी, शेजारी कुणी नसताना सांगा : “मॅडम, मी अजून दोन ठिकाणी पण करत होते आणि जेवत फार कमी होते, मला त्रास झालाय, माझा फोटो शेकच्या नावानं लावू नका.” त्या म्हणतील काही होत नाही, बाकीचं कशाला बोलायचं. तेव्हा नाही म्हणायचं. ग्राहकांची दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींबद्दल २०२२ मध्ये केंद्र सरकारनं नियम आणलेत, त्यात माझा अनुभव म्हणून सांगणाऱ्याचा तो अनुभव खरा असला पाहिजे असं आहे. पण कायदा बाजूला ठेवा. त्या हॉलमध्ये एखादी बाई असेल जिनं तुमच्यासारखीच भिशीची चिठ्ठी लागल्यावर पैसे आणलेत, ती फोटो बघणार आणि फक्त शेक घेणार, तिचे ११ किलो जाणार नाहीत, आणि ती म्हणणार माझ्यातच काहीतरी खोट आहे. हे मी ओपीडीत दर आठवड्याला ऐकते. “तिचं झालं, माझंच होत नाही.”

भिशीतल्या तिघींना एकेकीला फोन करा. ग्रुपवर टाकू नका, ग्रुपवर भांडण होतं. त्यातल्या कुणाला शुगर, बीपी, थायरॉईडची गोळी चालू असेल तर तिला पहिला.

प्रश्न : मी स्वतः वेट लॉस कोच आहे, ३४ वर्षं, पूर्व भागात राहते. मिस्टर यंत्रमागावर, पगाराचा भरवसा नाही, माझ्या क्लबवर घर चालतं. माझ्या एका मेंबरचं वजन फार पटकन उतरतंय आणि मला नक्की माहीत आहे ती दुसरीकडे पण जाते, तिच्या गाडीच्या डिकीत दुसऱ्या कंपनीचा डबा दिसला. विचारलं तर नाही म्हणाली. माझ्या वरच्या सिनियर म्हणतात गप्प बस, रिझल्ट आपल्या नावावर आहे ना. मला ते पटत नाही पण मेंबर गेली तर माझंच नुकसान.

उत्तर : तुम्ही हा प्रश्न विचारलात यासाठी मनापासून आभार मानते, कारण या बाजूनं पत्र फार कमी येतं.

अमेरिकेत जीन नायडेच नावाच्या एक गृहिणी होत्या, न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागात राहायच्या. १९६१ साली त्या न्यूयॉर्क शहराच्या सरकारी क्लिनिकमध्ये वजन कमी करायला जायला लागल्या, तेव्हा वजन ९७ किलोच्या आसपास. डाएट चांगला होता, वजन पण उतरत होतं, पण त्या घरी चोरून बिस्किटं खायच्या आणि क्लिनिकमधल्या बाईंना ते सांगायचं धाडस होईना. शेवटी त्यांनी आपल्यासारख्याच ६ जाड मैत्रिणींना घरी बोलावलं आणि बिस्किटांचं सांगून टाकलं. झालं असं की त्या मैत्रिणी पण आपापलं लपवलेलं बोलायला लागल्या. दर आठवड्याला जमायला लागल्या, गर्दी वाढत गेली, आणि १९६३ मध्ये त्यातून वेट वॉचर्स ही कंपनी उभी राहिली. म्हणजे तुम्ही ज्या धंद्यात आहात तो मोठा झाला तोच मुळी एका बाईला खरं बोलायला जागा मिळाली म्हणून. पुढं त्यात पॉइंट्स आले, पाकिटं आली, ॲप आलं, ते सगळं नंतरचं.

तुमची मेंबर नाही म्हणाली कारण डबा सापडल्यावर विचारलंत. पकडल्यासारखं झालं. तिला वाटलं आता या मला काढणार. तुम्ही असं करा, सगळ्याच मेंबरच्या कार्डावर एक ओळ वाढवा : सध्या दुसरा कुठला प्रोग्राम, पावडर, काढा, गोळी, उपास चालू आहे का. आणि दर आठवड्याला वजनाच्या आधी सगळ्यांना विचारा, तिला एकटीला नाही, आणि विचारताना सांगा की असलं तरी चालेल, मला फक्त माहीत पाहिजे. पहिल्या आठवड्यात कुणी बोलणार नाही. दुसऱ्या-तिसऱ्यात एखादी बोलेल, तिला काय उत्तर देता त्यावर बाकीच्या ठरवतील. तिला चांगलं वागवलंत तर डिकीतला डबा आपोआप टेबलावर येईल.

तोपर्यंत तिचा रिझल्ट तुमच्या नावावर स्टेटसला टाकू नका. सिनियरचं बोलणं मला कळतं, तुमच्या विक्रीवर त्यांचं पण कमिशन असतं. पण त्या मेंबरला उद्या चक्कर येऊन ती पडली तर घरचे विचारत तुमच्या दारात येणार, सिनियरच्या नाही. गल्लीत तुमचं नाव आहे. एक मेंबर जाईल कदाचित. नुकसान होईल, होणार नाही असं मी म्हणत नाही, घर त्यावर चालतंय हे मला माहीत आहे. पण ज्या बाईनं मला खरं विचारलं आणि खरं सांगितलं तिच्याकडेच मी माझ्या बहिणीला पाठवीन, आणि सोलापुरात गिऱ्हाईक असंच येतं, बहिणीच्या मागं बहीण, जावेच्या मागं जाऊ.

प्रश्न : वय ३८, गारमेंट युनिटमध्ये सुपरवायझर. डॉक्टरांच्या सल्ल्यानं आठवड्याचं वजनाचं इंजेक्शन घेतोय, ५ महिने झाले, १२ किलो उतरले. जिममध्ये ९० दिवसांचं चॅलेंज होतं त्यात पण भाग घेतला आणि पहिला आलो. ट्रेनर सगळ्यांना माझं उदाहरण देतो. इंजेक्शनचं मी कुणाला सांगितलं नाही, कारण लोक म्हणतात सुई घेऊन काय कुणी पण बारीक होईल. माझं आजारपण मी का सांगू? हे खोटं बोलणं झालं का?

उत्तर : औषध कुठलं चालू आहे ते सांगायचं की नाही हा पूर्ण तुमचा अधिकार. युनिटमधल्या लोकांना, पाहुण्यांना, पार्क चौकात भेटलेल्या मित्राला, कुणालाही सांगायला तुम्ही बांधील नाही. “डॉक्टरांच्या सल्ल्यानं चाललंय” एवढं म्हणून विषय बंद करायचा, हे शंभर टक्के खरं आहे आणि त्यात काही उघडं पण पडत नाही. आणि सुई घेऊन कुणी पण बारीक होईल हे बोलणाऱ्यांचं मनावर घेऊ नका, लठ्ठपणा हा आजार आहे, त्याला औषध निघालं तर ते घ्यायचं, बीपीची गोळी घेतो तसं. भारतात २०२५ च्या मार्चमध्ये मोंजारो आणि जूनमध्ये वेगोवी ही वजनाची इंजेक्शनं आली तेव्हापासून माझ्याकडे येणाऱ्यांत पण असे बरेच आहेत.

पण गप्प बसणं वेगळं आणि दुसऱ्याला श्रेय देणं वेगळं. ट्रेनर ज्या क्षणी चार पोरांसमोर “बघा, नुसत्या माझ्या वर्कआउटनं १२ किलो” म्हणतो आणि तुम्ही शेजारी उभं राहून मान हलवता, तिथं ते खोट्यात जातं. त्या चारातला एखादा पोरगा हट्टानं जेवण तोडणार, गुडघे घालवणार. ट्रेनरला बाजूला घेऊन सांगा, तो तुमच्या व्यायामाचा माणूस आहे, त्याला कळायलाच पाहिजे. या इंजेक्शननं भूक मरते, माणूस कमी जेवतो, आणि चरबीसोबत स्नायू पण जातो, म्हणून प्रोटीन आणि वजनाचा व्यायाम दोन्ही नीट लागतं. त्याला माहीत नसेल तर तो तुम्हाला उपाशीपोटी तासभर पळवेल. बक्षिसाचं म्हणाल, चॅलेंजच्या नियमात औषधाबद्दल काही लिहिलेलं असेल तर परत करा, नसेल तर ट्रेनरला सांगून त्यालाच ठरवू द्या.

अजून दोन ठिकाणी लपवायचं नाही. कुठलं ऑपरेशन, एंडोस्कोपी असं काही निघालं तर भूल देणाऱ्या डॉक्टरांना आधी सांगायचं, या औषधानं पोट उशिरा रिकामं होतं, अन्न आत राहिलेलं असू शकतं. आणि स्वतःच्या डॉक्टरांना जिमची पावडर कुठली घेताय ते सांगायचं. इंजेक्शन मनानं बंद करू नका, बंद केल्यावर बरंच वजन परत येतं असं अभ्यासात दिसलंय, त्याची तयारी आधीपासून लागते.

प्रश्न : सासूबाई ६२ वर्षांच्या, शुगरच्या दोन गोळ्या चालू. सिद्धेश्वरांवर फार श्रद्धा, सोमवार कडक करतात. आता नणंदेनं पावडरचा डबा आणून दिला, आणि व्हॉट्सॲपवर बघून दोनदाच जेवायचं पण सुरू केलंय. डॉक्टरांना सांगू नका म्हणतात, ते बंद करायला लावतील. मी सून, मी बोलले तर वाईट दिसतं. काय करावं?

उत्तर : माझ्या आईचं सांगते. मे महिन्यातली दुपार होती, सोलापूरची दुपार तुम्हाला माहीत आहे, काटा सहज ४० च्या वर जातो. मी स्वयंपाकघरात गेले तर आई जमिनीवर बसलेली, पोळपाट मांडीवर धरलेला, पीठ हाताला तसंच, आणि मला म्हणते आज बुधवार का ग. शुक्रवार होता. मान, पाठ घामानं गच्च, पण हात गार. ग्लुकोमीटर लावला तर ५४. तीन चमचे साखर पाण्यात घालून पाजली, पंधरा मिनिटांनी परत बघितलं, ७८ आलं, मग नीट बोलायला लागली. शेजारच्या काकूंनी दिलेली पावडर ती ८ दिवस रात्रीच्या जेवणाऐवजी घेत होती आणि सकाळी पण नुसता चहा. गोळी मात्र रोजची तेवढीच. डॉक्टरांकडे ४ दिवसांपूर्वी जाऊन आली होती, तिथं म्हणाली सगळं नीट चालू आहे. मी घरात आहारतज्ज्ञ, मला पण सांगितलं नव्हतं. का नाही सांगितलंस विचारलं तर म्हणाली, तुम्ही बंद केलं असतं, आणि मला पहिल्यांदा वाटत होतं की जमतंय.

ते “जमतंय” फार महत्त्वाचं असतं हो म्हाताऱ्या माणसाला. म्हणून सासूबाईंशी बोलताना बंद करा म्हणून सुरुवात करू नका.

आधी गोळ्यांची नावं बघा. एकटी मेटफॉर्मिन असेल तर शुगर एकदम खाली जायची भीती कमी असते. पण पाकिटावर ग्लिमेपिराइड असं कुठं लिहिलेलं असेल, बऱ्याचदा एकाच गोळीत दोन्ही असतात, तर जेवण चुकलं की शुगर ७० च्या खाली जाऊ शकते, आणि सोमवार अधिक पावडर अधिक दोन वेळचं जेवण, असं तिन्ही एका दिवशी आलं तर नक्कीच धोका. डापाग्लिफ्लोझिन असं नाव दिसलं तर भाकरी-भात एकदम बंद करणं वेगळ्या कारणानं धोक्याचं, शुगर नॉर्मल दिसत असताना पण रक्तात आम्ल वाढू शकतं, मळमळ, दम लागणं असं होतं, तेव्हा थेट दवाखाना.

सुनेनं बोललं तर वाईट दिसतं, मान्य आहे. मग यजमानांना बोलायला लावा, ते पण नको असेल तर डॉक्टरांच्या दवाखान्यात फोन करून कंपाउंडरकडे निरोप ठेवा की पुढच्या वेळी डॉक्टरांनी स्वतःहून उपासाचं आणि पावडरीचं विचारावं. यात चहाडी काही नाही. आणि सासूबाईंना एवढं सांगा की आई, बंद करायला नाही, गोळी कमी करायला डॉक्टरांकडे जायचंय. हे खरं आहे, जेवण कमी झालं की गोळीचा डोस बदलावा लागू शकतो, आणि गोळी कमी होणार म्हटलं की त्या चपला घालून आधी दारात उभ्या राहतील. तोपर्यंत सोमवारी तीन ठिकाणी साखर ठेवा, देवघरात, पर्समध्ये आणि उशाशी.

प्रश्न : एकाकडून वजनाच्या कॅप्सूल घेतो, आयुर्वेदिक आहे म्हणतो, डबीवर नाव नाही. सोबत कीटो पण करतोय. छातीत धडधडतं. दोन्ही चालू ठेवू का?

उत्तर : कॅप्सूल आज बंद. ज्या डबीवर बनवणाऱ्याचं नाव, लायसन्स नंबर, आत काय आहे हे काहीच नाही ती पोटात घालायची नाही. सिब्युट्रामिन नावाचं भूक मारणारं औषध हृदयाच्या धोक्यामुळे भारतात २०११ मध्ये बंद झालं, पण वनस्पतींच्या नावानं विकल्या जाणाऱ्या वजनाच्या गोळ्यांत ते लपवून घातलेलं जगभर सापडलंय, आणि धडधड, बीपी वाढणं ही त्याची पण लक्षणं आहेत. तुमच्या डबीत तेच आहे असं मी म्हणत नाही, पण धडधडतंय तर ईसीजी उद्यावर ढकलू नका. कीटो, म्हणजे भाकरी-भात जवळजवळ बंद करून तूप-तेलावरचं खाणं, ते पण ईसीजी आणि रक्ताच्या तपासण्या होईपर्यंत थांबवा, त्यात मीठ-पाणी अंगातून जातं आणि धडधड त्यानं पण वाढते, मग कशामुळे काय होतंय ते डॉक्टरांना कळणार नाही. डबी फेकू नका, उरलेल्या कॅप्सूलसकट सोबत घेऊन जा.